काउंटरकडे बघायचं नाही

दाजी,

काल तुमचं तेरावं झालं. आज सकाळपासून मी मैसूरला, विजयनगरच्या तुमच्या घरी, पुढच्या खोलीत, तुमच्या फोटोसमोर बसलोय. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि पायात बूट. घरात बूट, तेही फोटोसमोर! ताई दोनदा येऊन ओरडून गेली, "वसू, बूट काढ रे! अय्यो, साठी आली तरी अक्कल नाही याला." अक्कल नाही याबद्दल आपल्या घरात कधीच दुमत नव्हतं. पण बूट मी मुद्दाम घातलेत. तुमच्याशी जे बोलायचंय ते चपला घालून बोलता येणार नाही.

दिल्लीच्या त्या फ्लाइटबद्दल बोलायचंय. दोन वर्षं बोलायचं होतं. दर रविवारी स्कूटर काढून निघायचो, आज सांगायचंच म्हणून. ताईच्या हातचं उप्पीट खायचो, तुमचं व्याख्यान ऐकायचो आणि तसाच परत जायचो. आता तुम्ही गेलात आणि मला धीर आला. माझा धीर नेहमी असाच, गाडी सुटल्यावर स्टेशनात येणारा.

तुमच्या लग्नात कान पिळायचा मान माझा होता. अकरा वर्षांचा मेव्हणा, पहिल्यांदा कुणीतरी अधिकार दिलेला. इतका पिळला म्हणे मी, की अक्षता पडताना तुम्ही एका बाजूला कलून उभे होतात. त्याची परतफेड तुम्ही पुढची चाळीसेक वर्षं माझ्या कानांवर केलीत, व्याख्यानं देऊन. विषय एकच. तुमची कंपनी, देशाची विमान कंपनी, आणि तिची पॅसेंजर सर्व्हिस.

"वसू, सर्व्हिस म्हणजे तिकीट फाडणं नव्हे." अशी सुरुवात. मग एकट्यानं प्रवास करणारं पोर असेल तर त्याच्या गळ्यात कागदांची पिशवी कशी अडकवायची आणि उतरल्यावर सही घेतल्याशिवाय ते सख्ख्या काकाच्यासुद्धा हातात का द्यायचं नाही. व्हीलचेअरवरच्या म्हाताऱ्याला नुसतं ढकलायचं नाही, त्याला त्याचं गाव विचारायचं, म्हणजे त्याची लाज जाते. मधुमेहवाल्याचा ट्रे वेगळा, जैनाचा वेगळा. झोपवून न्यायचा पेशंट असेल तर मागच्या सीटा पाडून त्यांवर स्ट्रेचर कसं बसवायचं, पडदा कुठून कुठपर्यंत. पूर्वी विमान सुटायच्या आधी ट्रेमधून लिमलेटच्या गोळ्या यायच्या आणि कानात घालायला कापूस. गोळ्यांवर येईपर्यंत तुमचा आवाज मऊ व्हायचा.

आणि मी? माझ्या पहिल्या विमानप्रवासात हवाईसुंदरीनं चिमट्यानं गरम, वासाचा ओला रुमाल दिला. मला वाटलं कंपनीची भेट. घडी घालून पँटच्या खिशात ठेवला. उतरलो तेव्हा पँटचा पुढचा भाग असा भिजलेला, की तुम्ही काउंटरवरून बघितलंत आणि शेजारच्या माणसाला म्हणालात, "हा माझा कोणी नाही."

मी तुमच्या कंपनीला पंख लावलेली सरकारी बस म्हणायचो. खाजगीवाले वेळेवर पोचवतात, तुम्ही लिमलेट देता, असं. तुम्ही चिडायचात. एकदा म्हणालात, "बस म्हण. चालेल. बसमध्ये म्हाताऱ्याला उठून जागा देतात तरी." त्यावर मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात ताईनं जेवायला हाक मारली. तो वाद तिथंच राहिला. दाजी, त्या दिवशी विमानतळावर मला तेच वाक्य आठवत होतं.

एक नियम मात्र तुम्ही व्याख्यानातून नाही, वागण्यातून सांगायचात. कंपनीच्या माणसाला, निवृत्त झाला तरी, सवलतीचं तिकीट मिळतं. पण बसायला मिळतं ते जागा उरली तरच. पैसे भरलेला शेवटचा पॅसेंजर बसला, काउंटर बंद झाला, मग स्टाफ. तोवर कसं बसायचं, त्याचीही रीत. इस्त्रीचे कपडे, पायात बूट, चप्पल नाही. फक्त हातातली बॅग, म्हणजे शेवटच्या क्षणी उतरवलं तर कुणाला त्रास नको. लांबच्या खुर्चीत बसायचं, पाठ ताठ. आणि काउंटरकडे बघायचं नाही. "बघितलं की त्या पोरांवर दडपण येतं," तुम्ही म्हणायचात. "नाव पुकारलं की उठायचं. नाही पुकारलं, तर घरी यायचं. तक्रार नाही." आणि मग मान किंचित वर करून ते ठरलेलं वाक्य, "पैसे भरलेल्या पॅसेंजरच्या सीटवर मी आयुष्यात बसलेलो नाही."

हे सगळं मी ऐकलं होतं. अर्ध्या कानानं. तिथंच घोळ झाला.

दसरा नुकताच संपला होता. ताई दिल्लीला, रेखाकडे. लेकीकडे पंधरा दिवस राहायला म्हणून गेलेली, आणि तिथं छातीत दुखायला लागलं. तीन नळ्या बंद, बायपास, परवा सकाळी. फोनवर ताईचा आवाज, "हे आल्याशिवाय मी आत जाणार नाही. सही पण करणार नाही. रेखाला सांगून ठेवलंय." आपली ताई. एरवी तुमच्याशी दिवसभर भांडणारी.

मी धावत तुमच्याकडे आलो. तुम्ही शर्टाला इस्त्री करत होतात. मी म्हटलं, "दाजी, तिकीट?"

"माझं झालंय."

एवढंच. झालंय म्हणजे जागा उरली तर, हे तुम्ही सांगितलं नाहीत. मानी माणूस. आणि मी विचारलं नाही. शहाणा माणूस. तुम्ही आधीच सगळ्या ओळखीच्यांना विचारून खात्री करून घेतली होतीत, की उद्याच्या विमानात अजून एक सीट रिकामी आहे, आणि स्टाफच्या यादीत पहिलं नाव तुमचं. हे मला नंतर कळलं. मी घरी गेलो. सुट्टी संपवून परतणाऱ्यांनी सगळी विमानं भरलेली. पण तुमच्या फ्लाइटला कॉम्प्युटरवर एक, एकच सीट दिसत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, देवच आहे, दाजींना एकटं जाऊ द्यायचं नाही असं त्याच्या मनात आहे. संध्याकाळी साडेसहाला मी ती घेतली. आणि त्या आनंदात दोन प्लेट मेणसिनकाई, मिरचीचे बोंडे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सीत, विमानतळाच्या वाटेवर, मंड्याच्या अलीकडे, मी तुम्हाला ही आनंदाची बातमी दिली.

"मीपण येतोय दाजी, दिल्लीला. तुमच्याच विमानात."

"कन्फर्म?"

"कन्फर्म! शेवटची सीट होती. काल साडेसहाला मारली."

तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागलात. मंड्या गेलं, मद्दूर गेलं. मी वड्यासाठी थांबूया म्हटलं, तुम्ही मान हलवलीत. रामनगर गेलं. बिडदी गेलं. मला वाटलं तुम्हाला भरून आलंय. मी तुमच्या हातावर हात ठेवला, दाजी! थोपटला! काय वाटलं असेल तुम्हाला? तुमची सीट चोरून, वर तुमचा हात थोपटणारा मेव्हणा. पण तुम्ही हात काढून घेतला नाहीत. पैसे भरलेला पॅसेंजर होतो ना मी आता.

विमानतळावर मी काउंटरला गेलो. बॅग दिली. तिच्यात नंजनगूडची केळी, ताईची हुळीपुडी, म्हणजे सांबाराचा मसाला, आणि एक दगडी खलबत्ता, कारण रेखाकडे मिक्सर आहे आणि मिक्सरमध्ये कषायाची, काढ्याची पुडी नीट होत नाही असं ताई म्हणायची. ऑपरेशनला चाललेल्या बहिणीसाठी खलबत्ता नेणारा भाऊ मैसूरात दुसरा सापडणार नाही. बोर्डिंग कार्ड घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही ते हातात घेतलंत, सवयीनं उलटसुलट पाहिलंत.

"तेवीस ई. मधली सीट. खिडकी मागता येत नव्हती?"

"चालतंय हो. तुमचं कार्ड?"

"देतील. तू जा आत."

आणि तुम्ही लांबच्या खुर्चीत जाऊन बसलात. पाठ ताठ. हातातली बॅग मांडीवर. काउंटरकडे पाठ अर्धी वळवून. ते बघितलं आणि मला कळलं, तुमचं तिकीट स्टाफचं. ही बसायची रीत मला ऐकून माहीत होती.

मी आत गेलो नाही. खांबाआड उभा राहिलो. काउंटर बंद व्हायला दहा मिनिटं. एक कुटुंब धावत आलं, चौघं. सगळे बसले. पाच मिनिटं. एक साधू आला, तोही बसला. मग काउंटरवरच्या मुलीनं पाटी फिरवली, यादीवर पेन फिरवलं आणि तुमच्या पाठीकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली. स्वतःशीच. तुम्ही बघत नव्हतात. मी बघितली.

तेवढ्यात रेखाचा फोन. "मामा, निघाले ना बाबा? इथे आठला भेटायची वेळ संपते. आई फॉर्म हातात घेऊन बसलीय, डॉक्टर चिडलेत."

"निघाले, निघाले," म्हणालो, आणि काउंटरवर गेलो.

"ते तिकडे बसलेत ते माझे भावजी. त्यांचं काय?"

मुलगी कानडीतच बोलली. चैत्रा असं छातीवर लिहिलेलं. "अंकल, यादीत पहिलं नाव त्यांचंच आहे. आमच्या सीनिअर लोकांना ते माहीत आहेत. पण सगळे पॅसेंजर आले. एक सीट होती काल संध्याकाळपर्यंत. साडेसहाला कुणीतरी घेतली."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्या हातातल्या कार्डाकडे बघितलं.

"अंकल... तुम्ही?"

"मीच तो गाढव," मी म्हटलं. "मला काढा. त्यांना घाला."

"तुमची बॅग आत गेली. पॅसेंजर नसेल तर बॅग नेता येत नाही. शोधून उतरवावी लागेल. विमानाला उशीर होईल."

"सापडेल लगेच. दगड आहे तिच्यात."

"दगड?"

"खलबत्ता!"

तिनं वॉकी-टॉकी उचलला. पलीकडून कुणीतरी कडाडलं. ती 'सर, सर' करत राहिली. मग सुपरवायझर आला, घड्याळ बघत. मला म्हणाला, स्वतःच्या इच्छेनं उतरतोय असं लिहून द्या. मी लिहून दिलं.  बॅगवाल्यांकडून उत्तर नाही. चार मिनिटं. तुम्ही तिकडे तसेच बसलेले. एकदा फक्त हात वर करून टायची गाठ सारखी केलीत. दाजी, त्या गाठीनं माझा जीव काढला. तुम्ही तयारी करत होतात. नाव न येण्याची.

शेवटी उत्तर आलं. चैत्रा पटपट टाइप करायला लागली. थांबून म्हणाली, "त्यांना सांगू, तुम्ही सीट दिली म्हणून?"

"बेडा, तायी! नको सांगू! ते उठतील. विमानातून उतरतील. पॅसेंजरच्या सीटवर ते आयुष्यात बसलेले नाहीत."

तिला ते समजलं. ती पण स्टाफच. मग तिनं माइक घेतला आणि तुमचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, अगदी वडिलांच्या नावासकट.

तुम्ही उठलात. सावकाश. जणू काही शंका नव्हतीच. मी पुढे झालो.

"मिळाली?"

"मिळाली दाजी! तुमच्या कंपनीनं दिली."

"म्हटलं नव्हतं? कंपनी आपल्या माणसाला विसरत नाही." तुमचा चेहरा असा उजळला, की मला तिथंच रडू येणार होतं. चैत्राबरोबर तुम्ही सिक्युरिटीकडे निघालात, दुखऱ्या गुडघ्यांनी जवळजवळ पळत. मागे वळून ओरडलात, "वसू, बेगा बा! लवकर ये!"

"कॉफी घेतो आणि आलोच!"

दुसरं काही सुचलंच नाही.

मग मी काचेपाशी. विमान उभं. पोटाशी गाडी लागलेली, माणसं बॅगा बाहेर काढतायत. दहा मिनिटं. पंधरा. रेखाचे दोन फोन, मी उचलले नाहीत. माझ्या सीटचा जो उपयोग होणार होता तो माझा खलबत्ताच बुडवणार असं वाटायला लागलं. घाम पुसायला खिशात हात घातला तर टॅक्सीत घेतलेलं लिमलेट निघालं. ते तोंडात टाकलं. पंचवीस मिनिटांनी विमान हललं.

तुम्ही आठला सात मिनिटं कमी असताना वॉर्डात पोचलात. रेखानं सांगितलं. तुम्ही ताईच्या हातातला फॉर्म घेतलात, स्वतःच वाचलात, आणि म्हणालात, "कर सही. मी बाहेरच बसतो." ताईनं केली. ताई आज इथं आहे, स्वयंपाकघरात, माझ्या बुटांवरून बडबडतेय. हे एवढं बाकी सगळ्याच्या वर आहे दाजी, हे मी कधी विसरत नाही.

मी मात्र घरादारात प्रसिद्ध झालो. बोर्डिंग कार्ड हातात असून विमानतळावर कॉफी पीत विमान चुकवणारा माणूस! कुणालाही शंका आली नाही. माझी आधीची कामगिरीच तशी होती. हेब्बाळच्या कारखान्यात स्टोअर्सला असताना कंपनीची बस समजून मी बैलकुप्प्याला निघालेल्या सहलीच्या बसमध्ये बसलो होतो आणि तिबेटी मठ बघूनच परत आलो होतो. माझं खोटं टिकायला मला काहीच करावं लागलं नाही.

आणि तुम्ही ती गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगायचात. "आमचा वसू! ह्याची बॅग शोधायला पंचवीस मिनिटं विमान थांबलं. बॅगेत काय, तर खलबत्ता! पॅसेंजर असे असतात." मी हसायचो. पण बोर्डिंग कार्डाचं मला त्याच दिवशी, मैसूरला परत येताना बसमध्ये आठवलं. विमानात एकच सीट मोकळी झाली होती. तेवीस ई. तुम्हाला तीच मिळणार. आणि तुम्ही ती माझ्या कार्डावर तासाभरापूर्वी वाचली होतीत, खिडकी का मागितली नाहीस म्हणून बोलला होतात. चैत्राला सीट बदलायला सांगायचं मला सुचलं नव्हतं. कारण सुचणं हा माझा प्रांत नाही.

दोन वर्षं, दाजी! दोन वर्षं मी तुमच्या तोंडाकडे बघत बसलो, कळलंय का, कळलंय का. तुम्ही कॉफीची गोष्ट सांगायचात आणि माझ्याकडे बघायचात, आणि मला काही वाचता यायचं नाही. तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. विचारलं नाहीत. मला वाटायचं, कळलं असेल तर तुमच्या आयुष्यातला एकुलता एक अभिमान मी बोंडे खात खात मोडला. आणि नसेल कळलं, तर तुम्ही जे अजून मान वर करून सांगता ते खोटं आहे, आणि ते फक्त मला माहीत आहे. दोन्हीकडून मीच गुन्हेगार.

काल जेवणं झाल्यावर तुमच्याबरोबरचे एक जुने गृहस्थ बसले होते. ते म्हणाले, "काय माणूस! नेहमी म्हणायचे, पॅसेंजरच्या सीटवर मी आयुष्यात बसलो नाही."

ताई पान लावत होती. वर न बघता म्हणाली, "आयुष्यात नाही हो. पूर्वी म्हणायचे. मी बरी होऊन आल्यापासून 'नोकरी असेपर्यंत बसलो नाही' म्हणायचे. मी विचारलं पण, काय हो, असं का बदललंत? तर म्हणाले, एकदा बसलोय. कुठं, कधी, ते काही सांगितलं नाही. हसले नुसते."

मी उठून मागच्या अंगणात गेलो. नळ सोडला. बराच वेळ हात धुतले.

म्हणजे तुम्हाला विमानातच कळलं. सीटवरचा आकडा बघितला असेल तेव्हाच. सीटचा पट्टा हातात घेऊन तुम्ही क्षणभर उभे राहिला असाल, मागे लोक खोळंबले असतील. तुम्हाला उठून उतरता आलं असतं. मी त्याच भीतीनं काचेपाशी उभा होतो. पण तुम्ही बसलात, दाजी. नियम मी मोडला नव्हता, तुम्हीच मोडलात, ताईसाठी, समजून उमजून. आणि मग माझी कॉफी जपलीत. दोन वर्षं सगळ्यांना मीच मूर्ख म्हणून सांगितलंत, कारण दुसरं काही सांगितलं असतं तर मला शहाणा म्हणावं लागलं असतं, आणि ते तुम्हाला जमण्यासारखं नव्हतं. वाक्यातला तेवढा एक शब्द बदललात. मी दर रविवारी समोर बसून ते ऐकत होतो. अर्ध्या कानानं.

म्हणून आज बूट. मला तुमच्याकडून एकदा ऐकायचं होतं. शिव्या चालल्या असत्या. "गाढवा, निदान खिडकी तरी घ्यायचीस, गुडघे आखडले माझे", एवढं जरी म्हणाला असतात. आता म्हणणार नाही, हे कळतं मला. तरी बसलोय. शर्ट इस्त्रीचा, पाठ ताठ, सामान काही नाही. फोटोकडे मी अजून एकदाही बघितलेलं नाही. तुमच्यावर दडपण नको.

ताईला काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ते तुम्ही जिथं ठेवलंत तिथंच राहू दे.

स्वयंपाकघरातून वास येतोय. आणि ही बघा तिची हाक, "वसू! कॉफी झाली. ये लवकर, नाहीतर विमान जाईल तुझं!"

नाव पुकारलं, दाजी. बूट काढतो आणि जातो.